रस्ता टिकतो गटाराच्या बळावर
लहान शहरांतील रस्ते, स्वच्छता आणि नगर परिषदेचा कारभार : एक माहितीपर आढावा

महाराष्ट्रातील २४६ नगर परिषदा आणि ४२ नगर पंचायतींच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये पार पडल्या आणि अनेक वर्षे प्रशासकाच्या हाती राहिलेल्या शहरांत पुन्हा लोकनियुक्त कारभार सुरू झाला. अशा निवडणुकांच्या प्रचारात दोन आश्वासने हमखास आढळतात : चांगले रस्ते आणि स्वच्छ शहर. ही दोन्ही कामे नगर परिषदेची मूलभूत कर्तव्ये आहेत. तथापि, ती बहुधा दोन स्वतंत्र खात्यांची, दोन स्वतंत्र निधींची आणि दोन स्वतंत्र सभापतींची कामे मानली जातात. रस्ता बांधकाम विभागाचा आणि कचरा आरोग्य विभागाचा, अशी वाटणी कागदावर सोयीची असली तरी पावसाळ्यात ती टिकत नाही. रस्ता आणि कचरा यांची गाठ रस्त्याच्या कडेला असलेल्या गटारात पडते. गटार तुंबले की पाणी रस्त्यावर येते आणि पाणी साचले की डांबर उखडते. लहान शहरातील रस्ते का टिकत नाहीत, याचे उत्तर शोधताना या साध्या गोष्टीपासून सुरुवात करावी लागते.

नगर परिषद : रचना आणि कर्तव्ये

‘महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्यान्वये राज्यातील लहान शहरांचा कारभार चालतो. एक लाखाहून अधिक लोकसंख्येचे शहर ‘अ’ वर्गात, ४० हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत लोकसंख्येचे शहर ‘ब’ वर्गात आणि त्याहून लहान शहर ‘क’ वर्गात मोडते. ब्रिटिश अमदानीत स्थापन झालेल्या कित्येक नगरपालिकांची लोकसंख्या आजही २० हजारांच्या आत आहे. त्या ‘क’ वर्गातच आहेत. पाचगणी, महाबळेश्वर, माथेरान यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणांना गिरिस्थान नगर परिषदेचा दर्जा आहे.

या अधिनियमाच्या ४९व्या कलमात नगर परिषदेची कर्तव्ये दिली आहेत. सार्वजनिक रस्ते बांधणे, त्यांची देखभाल व साफसफाई करणे, दिवाबत्ती, गटारे व मोऱ्या यांची व्यवस्था, कचऱ्याची विल्हेवाट ही कामे त्यातील आवश्यक कर्तव्यांत मोडतात. म्हणजे ती करणे परिषदेच्या मर्जीवर अवलंबून नाही. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले. तिच्याद्वारे राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत रस्ते व पूल आणि सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापन या विषयांचा उल्लेख आहे.

नगराध्यक्ष हा परिषदेचा लोकनियुक्त प्रमुख. त्याची निवड थेट जनतेतून करावी की नगरसेवकांतून, याबाबतचे धोरण राज्यात वेळोवेळी बदलत आले आहे. २०२०मध्ये रद्द झालेली थेट निवड २०२२मध्ये पुन्हा लागू झाली आणि २०२५च्या निवडणुका त्याच पद्धतीने झाल्या. प्रशासनाचा प्रमुख असतो मुख्याधिकारी. तो राज्य शासनाचा अधिकारी असून त्याची नियुक्ती व बदली शासन करते. सार्वजनिक बांधकाम समिती, स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य समिती, पाणीपुरवठा व जलनिस्सारण समिती अशा विषय समित्यांमार्फत कामकाज चालते. रस्ता पहिल्या समितीकडे, गटारातील गाळ व कचरा दुसरीकडे आणि रस्त्याखालची जलवाहिनी तिसरीकडे, ही विभागणी येथेच सुरू होते.

रस्ता नेमका कोणाचा?

शहराच्या हद्दीतील प्रत्येक रस्ता नगर परिषदेचा नसतो. गावातून जाणारा राज्य महामार्ग वा प्रमुख जिल्हा मार्ग बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात असतो. राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा निराळी. नव्या वसाहतींतील अंतर्गत रस्ते तर पुष्कळदा विकासकाने परिषदेकडे हस्तांतरितच केलेले नसतात. बाजारपेठेतल्या मुख्य रस्त्यावरील खड्ड्यासाठी नगरसेवकाला धारेवर धरावे आणि तो रस्ता वर्षानुवर्षे दुसऱ्याच खात्याकडे असल्याचे कळावे, असे लहान शहरांत नेहमी घडते. म्हणून तक्रारीचा पहिला प्रश्न मालकीचा असला पाहिजे. नगर परिषदेकडे आपल्या मालकीच्या रस्त्यांची नोंदवही असते आणि तीत रस्त्याची लांबी, रुंदी व प्रकार यांची माहिती मिळते.

मालकी नगर परिषदेची असेल तर जबाबदारी टाळता येत नाही. खड्डेमुक्त रस्ते हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८च्या निकालात स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. खड्डा वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमी झाल्यास इजेच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश न्यायालयाने दिला. ही रक्कम संबंधित यंत्रणेने आधी अदा करावी आणि नंतर दोषी कंत्राटदार वा अधिकाऱ्यांकडून वसूल करावी, असेही त्यात म्हटले आहे. ज्या ‘क’ वर्ग परिषदेचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे आहे, तिच्या दृष्टीने एका खड्ड्याची ही किंमत लहान नाही.

पैसा येतो कोठून?

एके काळी जकात हा नगरपालिकांच्या उत्पन्नाचा कणा होता. राज्य शासनाने १९९९मध्ये नगर परिषद क्षेत्रातील जकात रद्द केली आणि तिच्या बदल्यात सहायक अनुदान सुरू केले. हे अनुदान बव्हंशी कर्मचाऱ्यांच्या वेतनावर खर्च होते. परिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार फी, दुकानगाळ्यांचे भाडे आणि निरनिराळी शुल्के.

मोठी कामे अनुदानावर चालतात. २०१०मध्ये सुरू झालेले ‘महाराष्ट्र सुवर्ण जयंती नगरोत्थान महाअभियान’, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचे अनुदान, दलित वस्ती सुधार योजना, जिल्हा नियोजन समितीकडील निधी आणि आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी ही त्यांची प्रमुख साधने होत. केंद्रीय वित्त आयोगाचा निधी वेगळा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या शहरांना द्यावयाच्या निधीपैकी ६० टक्के रक्कम ‘बंधित’ ठरविली होती : निम्मी स्वच्छता व घनकचऱ्यासाठी आणि निम्मी पिण्याचे पाणी व तत्सम कामांसाठी.

या व्यवस्थेत एक दोष दडलेला आहे. नवा रस्ता करण्यास अनुदान मिळते, भूमिपूजन होते, फलक लागतो. केलेला रस्ता राखण्यासाठी मात्र स्वतंत्र अनुदान क्वचितच असते. तो खर्च परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातून करावा लागतो. गटारातील गाळ वर्षातून दोनदा काढणे, भेगा भरणे, कडेची माती खरवडून पाण्याला वाट देणे ही कामे स्वस्त असतात, परंतु त्यांचे उद्‌घाटन होत नाही आणि त्यांच्यासाठी तरतूदही अपुरी असते. परिणामी, थोड्या खर्चात राखता आला असता असा रस्ता पूर्ण उखडेपर्यंत तसाच राहतो आणि मग त्याच रस्त्यासाठी नव्याने अनुदानाची मागणी होते. मालमत्ता कराची वसुली हा विषय येथे महत्त्वाचा ठरतो. कर थकविणारा नागरिक आणि कर वाढविण्यास वा वसूल करण्यास कचरणारी परिषद, हे दोघेही देखभालीचाच पैसा कमी करीत असतात.

रस्त्याचा खरा शत्रू

डांबरी रस्ता वाहनांच्या वजनाने खराब होतो, असा सर्वसाधारण समज आहे. वजनाचा वाटा आहेच. परंतु लहान शहरातील अंतर्गत रस्त्यांवरून अवजड वाहने फारशी जात नाहीत. तेथे रस्ता खराब होतो तो प्रामुख्याने पाण्याने.

रस्ता थराथरांनी बनतो. तळाशी मुरमाचा भराव, त्यावर दाबून बसविलेली खडी, तिच्यावर डांबरमिश्रित खडीचा थर आणि वर ‘कारपेट’ व ‘सील कोट’ या नावांनी ओळखले जाणारे पातळ आवरण. डांबराचे काम खडी एकत्र धरून ठेवण्याचे आणि पाणी आत जाऊ न देण्याचे. रस्त्यावर पाणी साचून राहिले की ते बारीक भेगांतून आत शिरते आणि खडीवरील डांबराची पकड सुटू लागते. खालचा मुरूम भिजून मऊ पडतो. त्यावरून चाक गेले की वरचा थर दबतो, तडकतो आणि सुटलेली खडी बाहेर फेकली जाते. खड्डा पडला की त्यात आणखी पाणी साचते आणि हे चक्र वेगाने फिरू लागते.

यावरील उपाय अभियांत्रिकीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे : रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांकडे उतार देणे. जोरदार पावसाच्या प्रदेशात डांबरी रस्त्याला सुमारे अडीच टक्के उतार देतात. म्हणजे सहा मीटर रुंद रस्त्याचा मध्यभाग कडेपेक्षा साडेसात सेंटिमीटर उंच असावा लागतो. मात्र हा उतार पाणी केवळ कडेपर्यंत आणून सोडतो. तेथे गटार नसेल, असेल पण भरलेले असेल, किंवा रस्त्याची कड आणि गटाराचे तोंड यांमध्ये मातीचा बांध साचलेला असेल, तर ते पाणी रस्त्याच्या कडेलाच मुरते. लहान शहरांत रस्ते बहुधा कडेने तुटत जातात, त्याचे हे प्रमुख कारण.

आणखी एक चूक सार्वत्रिक आहे. जुना थर न खरवडता दर काही वर्षांनी त्यावर नवा थर अंथरला जातो. रस्ता उंच होत जातो, शेजारच्या घरांची जोती खाली राहतात आणि पावसाचे पाणी घरात शिरू लागते. मग घरमालक दारासमोर सिमेंटचा उंबरठा किंवा गटारावर लादी टाकतो. ती लादी गटार झाकते, सफाई कामगाराचे फावडे तेथे पोहोचत नाही आणि तुंबण्याची नवी जागा तयार होते.

आधी नळ, मग रस्ता

नवा रस्ता झाल्यावर महिन्याभरात तो नळजोडणीसाठी खोदला जाणे, हे दृश्य महाराष्ट्रातील कोणत्याही शहराला अपरिचित नाही. जलवाहिनी, भुयारी गटार, वीजवाहिनी, दूरसंचाराच्या तारा या प्रत्येकाची योजना निराळी, निधी निराळा आणि मुदतही निराळी. निधी परत जाऊ नये म्हणून ज्याचा पैसा आधी आला त्याचे काम आधी, असा क्रम लागतो. खोदलेला चर पुन्हा भरताना माती थराथराने दाबली नाही, तर पहिल्याच पावसात ती खचते आणि चराच्या रेषेवर लांबलचक खड्डा पडतो. खोदकामाची परवानगी देताना परिषद रस्ता दुरुस्तीची रक्कम आधी भरून घेते. ती रक्कम प्रत्यक्षात त्याच रस्त्यावर खर्च झाली की नाही, हे पाहण्यासारखे असते.

काँक्रीटचे रस्ते आणि पेव्हर ब्लॉक यांकडे अलीकडे कल वाढला आहे. काँक्रीट पाण्याला दाद देत नाही, हे खरे. परंतु ते एकदा खोदले की पूर्ववत करणे अवघड असते. म्हणून काँक्रीटीकरणाआधी खालच्या सर्व वाहिन्या बदलून घेणे आणि ठरावीक अंतरावर आडव्या नळ्या टाकून ठेवणे आवश्यक ठरते. पेव्हर ब्लॉक काढून पुन्हा बसविता येतात. अरुंद बोळांसाठी ते सोयीचे आहेत. मात्र खालची वाळू व मुरूम नीट बसविला नसेल तर वाहनांच्या चाकांखाली ते डगमगू लागतात.

कचरा गटारात कसा पोहोचतो?

उघड्या गटारात तीन गोष्टी साचतात : रस्त्यावरून वाहून आलेली माती, बांधकामाचा राडारोडा आणि घरगुती व बाजारातील कचरा. माती पाण्याच्या जोराने काही प्रमाणात पुढे सरकते. प्लास्टिकची पिशवी मोरीच्या तोंडाशी अडकली की मात्र तीच माती तिच्यामागे थांबते आणि गटाराला बांध पडतो. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, त्यामागे तुंबलेल्या गटारांचा अनुभव होता. बंदीची अंमलबजावणी शहरागणिक कमी-अधिक झाली.

कचऱ्याच्या व्यवस्थेला देशात कायदेशीर चौकट मिळाली ती न्यायालयीन लढ्यातून. १९९६मध्ये अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून २०००चे नागरी घनकचरा नियम आकाराला आले. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक घरगुती अशा तीन प्रकारांत कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी नागरिकावर टाकली आणि संकलनासाठी शुल्क आकारण्याचा मार्गही मोकळा केला. दरम्यान २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले होते आणि २०१६पासून ‘स्वच्छ सर्वेक्षण’ या नावाने शहरांची क्रमवारी लागू लागली.

या क्रमवारीत महाराष्ट्रातील लहान शहरांनी लक्षणीय कामगिरी केली आहे. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या गटात २०२०मध्ये कराड, सासवड आणि लोणावळा यांनी देशातील पहिले तीन क्रमांक पटकावले. त्यानंतर २०२१मध्ये विटा, २०२२मध्ये पाचगणी आणि २०२३मध्ये सासवड या गटात अव्वल ठरले. ही सारी शहरे महानगरांच्या मानाने साधनहीन आहेत. मोठ्या यंत्रांवाचूनही स्वच्छता राखता येते, एवढे या यादीवरून निःसंशय सिद्ध होते.

वेंगुर्ल्याचा धडा

या संदर्भात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले नगर परिषदेचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. डचांच्या वखारीमुळे इतिहासात स्थान मिळविलेले हे बंदर आज २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १२ हजार वस्तीचे ‘क’ वर्ग शहर आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर गटार तुंबणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

२०१५नंतर, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, येथे कचरा वर्गीकरणाचा प्रयोग नेटाने राबविण्यात आला. वेगळा न केलेला कचरा स्वीकारायचा नाही, हा त्याचा पाया. घराघरांतून वेगवेगळा आलेला कचरा प्रकल्पस्थळी पुन्हा निरनिराळ्या प्रकारांत निवडला जाऊ लागला. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व खत, पालापाचोळ्यापासून इंधनाच्या कांड्या आणि विकण्याजोग्या सुक्या कचऱ्याची विक्री अशी साखळी उभी राहिली. पूर्वी दुर्गंधीमुळे टाळली जाणारी कचरा डेपोची जागा झाडे लावून बहरविण्यात आली आणि राज्यभरातील नगरसेवक, अधिकारी व विद्यार्थी ती पाहण्यास येऊ लागले. पाचगणीनेही आपल्या जुन्या डेपोचे रूप पालटून तेथे ‘स्वच्छ भारत पॉइंट’ उभारला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने वेंगुर्ल्याच्या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा भाग प्लास्टिकचा आहे. ज्या पातळ प्लास्टिकला भंगारवाला हात लावत नाही, त्याचे यंत्राने बारीक तुकडे करून ते डांबरी रस्त्यांच्या कामात वापरण्यात आले. हे तंत्र मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केले असून २०१८मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. तापविलेल्या खडीवर प्लास्टिकचे तुकडे टाकले की ते वितळून खडीवर पातळ लेप तयार होतो आणि त्यावर डांबर अधिक घट्ट बसते. प्लास्टिकचे प्रमाण डांबराच्या वजनाच्या साधारण सहा ते आठ टक्के असते. भारतीय रस्ते परिषदेने २०१३मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. पीव्हीसी तापल्यावर विषारी वायू सोडत असल्याने ते या कामात वर्ज्य आहे; म्हणजे येथेही वर्गीकरण आलेच.

या तंत्राबाबत अतिशयोक्ती टाळणे इष्ट. प्लास्टिक मिसळल्याने निकृष्ट रस्ता चांगला होत नाही. खालचे थर कच्चे असतील वा कडेला गटार नसेल तर तोही उखडतो. वेंगुर्ल्याचे महत्त्व निराळे आहे. गटारात जाऊन रस्ता फोडणारी पिशवी तेथे गटाराऐवजी रस्त्याच्या थरात गेली. आरोग्य विभागाचे काम आणि बांधकाम विभागाचे काम एका साखळीत जोडले गेले. हे जमू शकले ते मुख्यतः घरातल्या दोन वेगळ्या डब्यांमुळे आणि घंटागाडीवरील कामगाराला मिसळलेला कचरा नाकारण्याचा अधिकार मिळाल्यामुळे. अशा प्रयोगांना एक धोका नेहमीच असतो : उत्साही अधिकाऱ्याची बदली. प्रयोग टिकवायचा तर तो परिषदेच्या ठरावात, अंदाजपत्रकात आणि नागरिकांच्या सवयीत रुजावा लागतो.

श्रमदान : उपयोग आणि मर्यादा

सामुदायिक स्वच्छतेची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी हाती झाडू घेऊन गाव झाडले आणि संध्याकाळी कीर्तनातून लोकांची मने झाडली. त्यांच्या नावाने २०००-०१मध्ये तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने खेडोपाडी चळवळीचे रूप धारण केले. शहरांतही गांधी जयंतीला वा सणांच्या निमित्ताने स्वच्छता मोहिमा होतात.

अशा मोहिमांचे फलित काय, असा प्रश्न विचारणे अप्रस्तुत नाही. रविवारी सकाळी उचललेला कचरा सायंकाळपर्यंत एकाच ढिगात डेपोवर जाऊन पडत असेल, तर तो केवळ जागा बदलतो. श्रमदान उपयुक्त व्हावयाचे असेल तर तीन पथ्ये पाळावी लागतात. पहिले वेळेचे : मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, रस्त्याची कड आणि गटाराची तोंडे मोकळी करण्यासाठी दिलेले दोन तास हे ऑक्टोबरात काढलेल्या फेरीपेक्षा मोलाचे असतात. दुसरे वर्गीकरणाचे : कचरा उचलतानाच प्लास्टिक, काच, राडारोडा आणि माती वेगळी ठेवली तर परिषदेला तिची विल्हेवाट लावता येते. गटारातून काढलेला गाळ त्याच दिवशी उचलला जाईल, याची परिषदेकडून आधी हमी घ्यावी. काठावर ठेवलेला गाळ पुढच्या सरीत पुन्हा गटारातच जातो.

तिसरे पथ्य सुरक्षिततेचे आहे. स्वयंसेवकांनी हातमोजे व बूट घालून उघड्या, उथळ गटारापुरतेच काम करावे. बंदिस्त गटारात वा मॅनहोलमध्ये कोणीही उतरू नये. तेथील विषारी वायूने क्षणात प्राण जातो. २०१३च्या कायद्याने पुरेशा संरक्षक साधनांविना माणसाला अशा धोकादायक सफाईस लावणे हा गुन्हा ठरविला आहे. हा नियम कंत्राटी सफाई कामगारांनाही तितकाच लागू आहे. शहराची स्वच्छता रोज पहाटे राखणारा हा कामगार वर्षातून एकदा झाडू हाती घेणाऱ्या मान्यवरांच्या छायाचित्रात सहसा नसतो. त्याचे वेतन वेळेवर होते का, त्याला साधने मिळतात का, हे विचारणे हीसुद्धा स्वच्छता मोहीमच होय.

नागरिकांनी काय पाहावे?

रस्त्याचे प्रत्येक काम काही ठरावीक टप्प्यांतून जाते : शासकीय दरसूचीनुसार अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, ई-निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि अखेरीस देयक. काम पूर्ण झाल्यावर दोषदायित्व कालावधी सुरू होतो. या मुदतीत रस्ता खराब झाल्यास कंत्राटदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव परिषदेकडे राहते. रस्त्यावर खड्डा दिसताच नवीन निविदेची मागणी करण्याआधी ही मुदत संपली आहे का, हे पाहणे हिताचे. मुदत शिल्लक असताना परिषदेने स्वतःच्या खर्चाने खड्डे बुजविले, तर तो नागरिकांच्या कराचा अपव्यय ठरतो.

ही सर्व कागदपत्रे माहितीच्या अधिकारात उपलब्ध होतात. २००५च्या या कायद्यान्वये दहा रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. या कायद्यातील ‘माहिती’ कागदापुरती मर्यादित नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. कामाची पाहणी करणे आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने मिळविणे हाही अधिकार त्यात अंतर्भूत आहे.

नव्या रस्त्याचे काम सुरू होताना आपल्या प्रभागातील नागरिकांनी पुढील गोष्टींची विचारणा करावी : रस्त्याखालील जलवाहिनी बदलली का? अंदाजपत्रकात गटाराचे काम धरले आहे का आणि ते गटार शेवटी कोणत्या नाल्याला मिळते? जुना थर खरवडणार की त्यावरच नवा थर टाकणार? दोषदायित्व कालावधी किती आणि तो फलकावर लिहिला आहे का? पावसाळ्यापूर्वी गाळ काढण्याचे काम कोणत्या तारखांना, कोणत्या गल्लीत होणार? हे प्रश्न विचारण्यास अभियंता असावे लागत नाही. आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वी परिषदेच्या अंदाजपत्रकावर चर्चा होते. देखभालीसाठी किती तरतूद आहे, हा प्रश्न त्या वेळी आपल्या नगरसेवकामार्फत सभागृहात पोहोचविल्यास त्याचा उपयोग जूनमधील मोर्चापेक्षा अधिक होतो.

नागरिकांची जबाबदारी याच्या जोडीला येते. दारासमोरच्या गटारावर कायमची लादी न टाकणे, बांधकामाची वाळू-खडी रस्त्यावर न पसरणे, घरात दोन डबे ठेवणे आणि मालमत्ता कर वेळेवर भरणे, एवढ्या चार गोष्टींवर लहान शहरातील रस्त्याचे आयुष्य बरेचसे अवलंबून असते.

मोठ्या शहराच्या मानाने लहान शहराचा एक लाभ आहे. येथे नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, ठेकेदार, सफाई कामगार आणि करदाता एकमेकांना ओळखतात. बाजारात, देवळात, बसस्थानकावर भेटतात. १२ हजार वस्तीच्या शहरात कोणाच्या दारातले गटार तुंबले आहे, हे सर्वांनाच माहीत असते. ही ओळख आजवर पुष्कळदा गैरसोयीच्या प्रश्नांवर पांघरूण घालण्यासाठी वापरली गेली. ती हिशेब मागण्यासाठी आणि हिशेब देण्यासाठी वापरली गेली, तर नव्या परिषदांच्या पाच वर्षांच्या मुदतीत किती रस्ते नवे झाले यापेक्षा किती रस्ते पुन्हा करावे लागले नाहीत, हा कारभाराचा निकष ठरू शकेल. त्याची पहिली कसोटी दर वर्षी जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत, रस्त्याच्या कडेच्या गटारापाशी लागते.